घाबरलेली आई कोणाला हवी आहे?

‘शोकोला’ या कादंबरीचा पुढचा भाग २००७ मध्ये ‘द लॉलीपॉप शूज’ या नावाने प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून त्याच्याविषयी वाचकांची एक तक्रार कायम आहे : ही आमची विआन नव्हे. जोआन हॅरिस यांच्या १९९९ मधील पहिल्या कादंबरीत वाऱ्यासोबत गावात येणारी, ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत चर्चच्या अगदी समोर चॉकलेटचे दुकान थाटणारी, धर्मगुरूच्या नजरेला नजर देणारी विआन रोशे या पुढच्या भागात नाव बदलून, नजरेत न भरणारे कपडे घालून पॅरिसमध्ये राहते. ती स्वतःला विधवा म्हणवते. दुकान चॉकलेटचेच आहे, पण ती चॉकलेटे तिच्या हातची नाहीत, घाऊक विक्रेत्याकडून आणलेली आहेत. आणि दुकानाच्या सधन, सज्जन, किंचित कंटाळवाण्या मालकाशी लग्न करण्याच्या विचारापर्यंत ती आलेली आहे. वाचकांना हे सहन झाले नाही. कोणी म्हणाले, पुस्तक उगाच काळवंडले आहे; कोणी म्हणाले, निवेदकांची संख्या दोनावरून तीनावर नेल्याने कथेची वीण सैल पडली; आणि बहुतेकांनी कमीअधिक शब्दांत असे म्हटले की, लेखिकेनेच आपल्या नायिकेचा विश्वासघात केला.

माझ्या मते वाचकांची नाराजी अगदीच निराधार नाही, मात्र ती भलत्याच ठिकाणी व्यक्त झाली. या पुस्तकात जे सर्वांत खरे आणि सर्वांत धाडसी आहे त्यालाच वाचकांनी दोष दिला, आणि जिथे पुस्तक खरोखर कच्चे राहिले आहे ती जागा मात्र बहुतेकांनी फारशी कुरकुर न करता ओलांडली. असे का झाले याचे उत्तर पुस्तकात जितके आहे त्याहून अधिक आईकडून असलेल्या आपल्या अपेक्षांत आहे.

पहिल्या कादंबरीतील विआन निर्भय होती, या समजुतीपासून सुरुवात करू, कारण ती समजूतच मुळात तपासून घेण्यासारखी आहे. लान्सकने नावाच्या त्या काल्पनिक गावात ती आपल्या लहान मुलीला, आनूकला, घेऊन येते ती पहिली जागा नव्हे. त्याआधी असंख्य शहरे झाली आहेत, आणि त्याआधी स्वतःच्या आईचा हात धरून तिने अशीच भटकंती केलेली आहे. तिची आई ज्या ‘काळ्या माणसा’ला भिऊन गावोगाव पळत होती, त्याची सावली विआनला लान्सकनेच्या धर्मगुरूत, रेनोमध्ये, दिसते. आई गेल्यानंतर तिच्या सामानात एका बेपत्ता झालेल्या लहान मुलीविषयीची वर्तमानपत्राची कात्रणे सापडतात, आणि आपण जिला जन्मभर आई म्हटले तिने आपल्याला पळवून तर आणले नव्हते ना, हा संशय तेव्हापासून विआनच्या मनात घर करून आहे. गावातली खोडकर म्हातारी आर्मांद आणि तिची प्रतिष्ठेला जपणारी मुलगी कारोलिन यांच्यातील वैर हेही याच सूत्राचे दुसरे टोक आहे : मधुमेहाने पोखरलेल्या आईला वृद्धाश्रमात ठेवावे असे मुलीला वाटते, नातवाने आजीला भेटू नये अशी व्यवस्था ती करते, आणि आई शेवटी वाढदिवसाच्या मेजवानीत पोटभर खाऊनपिऊन आपल्या मर्जीने मरण पत्करते. चॉकलेटच्या सुगंधाखाली पहिले पुस्तकही आई आणि मुलगी यांच्यातील भीतीविषयीच होते. आपण सुगंध लक्षात ठेवला आणि भीती विसरलो, एवढेच.

विसरण्याचे काम सोपे केले ते चित्रपटाने. २००० मध्ये लासे हालस्ट्रॉम यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात धर्मगुरूच्या जागी गावचा महापौर आला, काळ १९५९ चा झाला, आणि मुख्य म्हणजे शेवट बंद झाला. आनूक गाव सोडायला नकार देते, झटापटीत आजीच्या अस्थींचे पात्र जिन्यावर फुटते, आई थांबते, उन्हाळ्यात तिचा प्रियकर, नदीवरचा भटका रू, परत येतो, सगळे ठाकठीक. कादंबरीचा शेवट असा नाही. तिथे विआनच्या पोटात दुसरे मूल आहे, वारा पुन्हा बदलतो आहे, आणि ती राहील की जाईल हे वाचकाला खात्रीने सांगितलेले नाही. म्हणजे ‘द लॉलीपॉप शूज’ ज्या कथेचा पुढचा भाग आहे ती कथा, आणि कित्येक वाचकांच्या मनात असलेली कथा, या दोन वेगळ्या कथा होत्या. आपल्याकडे तर या गोष्टीची ओळख बहुतेकांना पडद्यावरच झालेली असते, त्यामुळे विआनची भूमिका करणाऱ्या ज्युलिएट बिनोशचा तो प्रसन्न, स्थिर चेहरा डोळ्यांसमोर ठेवूनच पुस्तक उघडले जाते. ज्या नायिकेने राहायचे ठरवले आहे ती पुन्हा पळताना दिसली की, वाचकाला फसवल्यासारखे वाटणारच. परंतु त्या फसवणुकीचा जाब लेखिकेला विचारता येत नाही.

आता ती घाबरली का, हे पाहू. दरम्यानच्या चार वर्षांत रोझेत नावाची दुसरी मुलगी झाली आहे. ती बोलत नाही, हातांच्या खुणांनी सांगते, आणि ती चिडली किंवा घाबरली की आजूबाजूला काहीतरी घडते. घरात या घटनांना ‘अपघात’ म्हणतात. पहिल्या पुस्तकातील जादू विआनच्या हातात होती, म्हणून ती मोहक होती. रोझेतची जादू कोणाच्याच हातात नाही, आणि ती चारचौघांच्या देखत घडते. एकटी बाई, दोन मुली, त्यांतली एक जगावेगळी, वडिलांचे नाव विचारले तर सांगायला अडचण : अशा घराकडे शेजारी, शाळा आणि सरकारी कचेऱ्या कशा पाहतात हे सांगायला जादूची गरज नाही. रोजच्या जगातच जादू घडवणाऱ्या अशा कथांना जादुई वास्तववाद म्हणतात, आणि या शब्दजोडीतील दुसरा शब्द वाचक नेहमी विसरतात. विआनने चारचौघींसारखे होण्याचा जो निर्णय घेतला तो या वास्तवातून आलेला आहे, आणि तो कितीही उदास वाटला तरी त्यात तिच्या स्वभावाशी विसंगत असे काही नाही. उलट वाऱ्याच्या मागे जाण्याची ज्या बाईला जन्मभराची सवय आहे तिने एका जागी पाय रोवून, कोणाच्या लक्षात न येता जगण्याचा निश्चय करणे, यासाठी पहिल्या पुस्तकातील बंडखोरीपेक्षा अधिक बळ लागले असेल, असे मला वाटते.

यात आणखी एक बाजू आहे, आणि ती वाचकांना अधिक अडचणीची आहे. विआनच्या स्वातंत्र्याची किंमत कोण देत होते? पहिल्या पुस्तकात आनूकसोबत पांतूफ्ल नावाचा एक ससा असतो, जो फक्त तिला आणि अधूनमधून तिच्या आईला दिसतो. आपण सगळ्यांनी त्या सशाचे कौतुक केले. पण दर काही महिन्यांनी गाव बदलणाऱ्या, एकही मैत्रीण टिकवू न शकणाऱ्या मुलीला सोबतीसाठी ससा कल्पावा लागतो, यात कौतुक करण्यासारखे किती आहे, हा प्रश्न आपण विचारला नाही, कारण आनूक तेव्हा लहान होती आणि तिला निवेदनाचा अधिकार नव्हता. पुढच्या भागात ती अकरा वर्षांची आहे आणि तीन निवेदकांपैकी एक ती आहे. निवेदकांच्या ज्या वाढीव संख्येविषयी तक्रार होते ती वाढ नेमकी याच कामासाठी झाली आहे. मुलगी बोलू लागली की आईची प्रतिमा पूर्वीसारखी राहत नाही, हे घराघरांत घडते. शाळेत तिला मुली छळतात, आईने घरातली सगळी गंमत कुलूपबंद करून टाकली आहे याचा तिला राग येतो, आणि आपल्या जुन्या आईची आठवण तिला जितकी येते तितकीच वाचकालाही येते.

इथे हॅरिस यांनी जी योजना केली आहे तिचे श्रेय त्यांना पुरेसे मिळालेले नाही. दुकानात एके दिवशी झोझी द लाल्बा नावाची बाई येते. तिच्या पायात भडक लाल चकचकीत बूट आहेत, ती बेफिकीर आहे, कोणाला कोणते चॉकलेट आवडेल हे ती पाहताक्षणी ओळखते, मरगळलेल्या दुकानात ती जीव आणते आणि आनूकला तिच्या अंगच्या शक्तीची जाणीव करून देते. तिसरी निवेदक तीच आहे, आणि दुसऱ्यांची नावे, कागदपत्रे, आयुष्ये चोरणे हा तिचा व्यवसाय आहे हे ती वाचकाला पहिल्यापासून स्वतःच सांगते. तरीही असंख्य वाचकांनी म्हटले की, विआनपेक्षा झोझीच अधिक आवडली! थोडे थांबून पाहिले तर लक्षात येते की, झोझी म्हणजे दुसऱ्याच्या नजरेतून पाहिलेली पहिल्या पुस्तकातील विआन आहे : तीही वाऱ्यासोबत येते, तीही परक्यांच्या आयुष्यात हक्काने हात घालते, तिलाही लोकांची मने उघडता येतात. लान्सकनेत हे सारे आपण विआनच्या तोंडून ऐकले म्हणून ते औदार्य वाटले. पॅरिसमध्ये तेच आपण शिकाऱ्याच्या तोंडून ऐकतो. ‘आमची जुनी विआन परत द्या’ ही वाचकांची मागणी लेखिकेने जणू आधीच ओळखली होती, आणि ती मागणी पुरी करण्यासाठी तिने दारात एक चोर आणून उभा केला. झोझीवर भाळणारा वाचक आनूकची चूक आनूकबरोबर करतो. पुढच्या भागाने मूळ पुस्तकाच्या आठवणीचा असा उपयोग केल्याची उदाहरणे मला फारशी माहीत नाहीत.

मग पुस्तकात काहीच चुकले नाही काय? चुकले, आणि गंभीरपणे चुकले. ‘शोकोला’मध्ये जादूचा जवळजवळ प्रत्येक प्रसंग दोन्ही प्रकारे वाचता येतो. विआन लोकांच्या आवडी ओळखते ती दिव्य दृष्टीने की दुकानदाराच्या तयार नजरेने, पांतूफ्ल खरा की खेळातला, गाव बदलले ते मंत्राने की चांगल्या खाण्यापिण्याने आणि थोड्या धिटाईने, याचा निर्णय पुस्तक देत नाही, आणि त्या न दिलेल्या निर्णयातच त्याचे सौंदर्य आहे. पुढच्या भागात हा संकोच उरत नाही. हवेत बोटांनी काढलेली चिन्हे, त्यांना दिलेली मेसोअमेरिकन देवदेवतांची नावे, अंगठ्याएवढ्या बाहुल्यांवर केलेले प्रयोग, रंगांवरून माणसांची मने वाचणे, हे सारे आता उघडपणे आणि कार्यकारणासह चालते. क्यूबाचे कादंबरीकार आलेहो कार्पेंतिएर यांनी १९४९ मध्ये आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत, अद्भुत हे हातचलाखी करून उभे करता येत नाही, ते वास्तवाच्याच पोटात असावे लागते, अशा आशयाची जी भूमिका मांडली होती, तिच्या कसोटीला हे पुस्तक उतरत नाही. जादूला नियमावली मिळाली की तिची भीती जाते आणि तिचे तंत्र होते.

त्याहून मोठे नुकसान मायलेकींच्या नात्याचे झाले. आनूक आणि विआन यांच्यातील भांडणाला खलनायकाची गरज नव्हती. सुरक्षितता हवी असलेली आई आणि मोकळीक हवी असलेली मुलगी, दोघीही बरोबर, ही स्थिती स्वतःच इतकी अवघड आहे की तिच्यावर तीनशे पानांची कादंबरी सहज उभी राहते. परंतु बाहेरून एक चोर आली, तिने मुलीला फितवले, आणि त्यामुळे शेवटी तिचा पराभव झाला की मायलेकींचे पटणे आपोआप ठरले. ख्रिसमसच्या वेळचा तो शेवटचा प्रसंग दोन मांत्रिकांच्या झुंजीसारखा वाटतो. दुःख याचे की, याहून चांगला शेवट पुस्तकाच्या हाताशीच होता. झोझी आनूकला पळवू पाहते, आणि विआनला तर लहानपणी खरोखरच पळवून आणलेले होते. म्हणजे तिच्या लाडक्या दिवंगत आईने जे केले तेच ही परकी बाई करू पाहते आहे. विआनला जन्म देणारी आई, मादाम काययू, शेवटाकडे प्रत्यक्ष समोर येते. जिने पळवून नेले तिच्यावर प्रेम, जिने जन्म दिला ती अनोळखी, आणि स्वतःच्या मुलीवर तोच प्रसंग येऊ घातलेला : या तिढ्यात विआनला काय वाटत असेल, यासाठी लेखिकेने जेवढी जागा द्यायला हवी होती तेवढी दिलेली नाही. वाचकांनी गळा काढायला हवा होता तो इथे.

या बाबतीत इतर लेखिकांनी काय केले हे आठवून पाहण्यासारखे आहे. लॉरा एस्किवेल यांच्या १९८९ मधील ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’मध्ये धाकट्या मुलीने लग्न न करता आईला मरेपर्यंत सांभाळावे, हा जाच खुद्द आईच, मामा एलेना, करते, संकट बाहेरून आलेले नाही, म्हणून त्यातून सुटकाही स्वस्तात होत नाही. टोनी मॉरिसन यांच्या १९८७ मधील ‘बिलव्हेड’मध्ये गुलामगिरीपासून वाचवण्यासाठी आईनेच मारलेली आणि आता परत आलेली मुलगी म्हणजे आईच्या स्वतःच्या कृत्याचे रूप आहे, तिला हाकलून लावले तरी ते कृत्य जात नाही. या दोन्ही कादंबऱ्यांत अलौकिकाचा उपयोग आईला अधिक खोल अडचणीत नेण्यासाठी होतो. ‘द लॉलीपॉप शूज’मध्ये ते आईला अडचणीतून बाहेर काढते.

तरीही आईची भीती वाचकांना खुपली आणि हा कच्चेपणा खुपला नाही, याचे कारण मला साधे वाटते. कथेतील आई एक तर त्यागमूर्ती असावी किंवा बंडखोर असावी, अशी आपली अपेक्षा असते. आपल्या मराठी वाचकांचीही याहून निराळी नाही. त्यागाला आपण नमस्कार करतो, बंडाला टाळ्या वाजवतो. रोजच्या रोज लोकांशी तडजोड करणारी, मुलांच्या शाळेसाठी खोटे बोलणारी, प्रेम नसताना भाडे आणि सुरक्षितता यांचा हिशेब करून लग्नाला होकार द्यायला निघालेली आई यांपैकी कोणत्याच खणात बसत नाही. तिला पाहिले की आपल्याला आपल्या घरातल्या बाया आठवतात, आणि जादूच्या पुस्तकात त्या भेटाव्यात यासाठी आपण पैसे दिलेले नसतात. वाचकाने मन रमवण्यासाठी वाचावे यात गैर काही नाही. परंतु करमणूक कमी पडली हे सांगण्यासाठी ‘ही ती व्यक्तिरेखाच नव्हे’ असा निकाल देणे ही वेगळी गोष्ट आहे. पुस्तक फसले असे म्हणण्याचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे. पात्राने पहिल्या भेटीत होते तसेच राहावे, असे बंधन मात्र त्याला घालता येत नाही. निदान ज्या कथेत मुली मोठ्या होतात त्या कथेतील आईवर तरी नाही.

मालिका त्यानंतरही चालू राहिली, आणि वाचकांचा सूर बदलत गेला. २०१२ मधील ‘पीचेस फॉर मस्य ल क्युरे’मध्ये विआन लान्सकनेला परतली, जुनी माणसे भेटली, नदीकाठच्या वस्तीत राहायला आलेल्या मुस्लिम कुटुंबांमुळे गावात नवे ताण आले, आणि जुन्या वाचकांना घरी आल्यासारखे वाटले. ते पुस्तक चांगले आहे, पण मायलेकींच्या बाबतीत ते सावध आहे. २०१९ मधील ‘द स्ट्रॉबेरी थीफ’ तसे नाही. त्यात रोझेत सोळा वर्षांची आहे, आनूक पॅरिसला निघून गेली आहे, एका म्हाताऱ्या फूलविक्रेत्याने आपले रान रोझेतच्या नावे केले आहे, आणि त्याच्या रिकाम्या दुकानात गोंदणाचा व्यवसाय करणारी एक परकी बाई आली आहे. पुन्हा बाहेरून आलेली बाई, पुन्हा तिच्याकडे ओढली जाणारी मुलगी; योजना तीच. फरक असा की, या वेळी परकी बाई चोर नाही. धाकटी तरी आपल्याला सोडून जाऊ नये, ती कायम लहानच राहावी, ही विआनची स्वतःची इच्छाच या वेळी संकट आहे, आणि तिच्याशी लढायला दुसरे कोणी येत नाही. पहिल्या पुढच्या भागात जे राहून गेले होते ते बारा वर्षांनी हॅरिस यांनी इथे लिहिले, असे मी म्हणेन. या पुस्तकातील विआन पॅरिसमधल्या विआनहून कमी घाबरलेली नाही. कदाचित अधिकच आहे, कारण आता तिला भीती आहे ती स्वतःची.

२०२५ मध्ये ‘विआन’ नावाची कादंबरी आली. ती मागे जाते : आईच्या मृत्यूनंतर मार्से या फ्रेंच शहरात आलेली, पोटात आनूक असलेली तरुण विआन तिच्यात आहे, आणि चॉकलेटशी तिची पहिली ओळख तिथे होते. जुनी विआन परत हवी असणाऱ्यांना ती इथे मिळाली, असे वरवर पाहता म्हणता येईल. पण हे पुस्तक वाचताना त्यांनी एवढे पाहावे की, तिची आनूक अजून जन्माला आलेली नाही, तिला शाळेत घालायचे नाही, तिच्यासाठी कोणापुढे खोटे नाव सांगायचे नाही, आणि तरीही मार्सेच्या गल्ल्यांतून चालताना ही मुलगी आपल्या मेलेल्या आईचा आवाज ऐकत असते, जी तिला एकाच गोष्टीविषयी बजावत असते : कुठे फार दिवस राहू नकोस.